जयनगरातला पाडवा आणि दादाचा कीबोर्ड

सोलापूरहून उद्यान एक्सप्रेसमध्ये बसले की दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूर येते. सरकारदरबारी २०१४ पासून शहराचे नाव बंगळुरू झाले असले, तरी आमच्या घरात ते अजून बंगळूरच आहे. पूर्वी स्टेशनबाहेर आले की रिक्षावाल्याशी हुज्जत घालण्यापासून सुरुवात व्हायची. आता मॅजेस्टिकहून मेट्रोची हिरवी मार्गिका धरायची. चिक्कपेट, के. आर. मार्केट ही स्थानके जमिनीखालून मागे पडतात, नॅशनल कॉलेजपाशी गाडी एकदम उजेडात वर येते, मग लालबाग, साउथ एंड सर्कल आणि लगेच जयनगर. २०१७ साली ही गाडी सुरू झाल्यापासून माझा दादा मला घ्यायला जयनगरच्या स्थानकावरच येतो.

यंदा पाडव्याच्या पंधरा दिवस आधी गेले होते. दादाने हातातली पिशवी घेतली, सोलापूरच्या शेंगाचटणीची चौकशी केली आणि जिना उतरता उतरताच म्हणाला, "बरं झालं तू आलीस. तुझे कान चांगले आहेत. एक मोठी खरेदी करायची की नाही, ते ठरवायचंय."

मला वाटले, फ्रीज किंवा गाडी असेल. ती खरेदी कीबोर्डाची निघाली.

दादा पस्तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आला आणि निवृत्तीनंतर इथेच राहिला. लहानपणी आम्ही दोघे एकाच पेटीवर शिकलो. मी संसारात पेटी विसरले. त्याने ती बाजूला ठेवून कीबोर्ड घेतला आणि शेजारपाजारच्या सात-आठ जणांचा एक गट जमवला. भक्तिगीते, भावगीते, जुनी हिंदी-कन्नड चित्रपटगीते असा त्यांचा कार्यक्रम असतो. वर्षाकाठी बारा-पंधरा ठिकाणी बोलावणे येते. मानधनातून रिक्षाचे भाडे आणि कॉफी सुटते, एवढेच. तरी या माणसांचा जीव त्यात अडकलेला आहे.

चौथ्या ब्लॉकची सकाळ

निर्णय घ्यायचा तर आधी पाय मोकळे करावेत, ही दादाची जुनी सवय. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फिरायला निघालो.

जयनगर ही आखून वसवलेली वस्ती. १९४८ साली तिची मुहूर्तमेढ झाली. तेव्हा सी. राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. त्याची आठवण म्हणून पहिल्या ब्लॉकपाशी चार सिंहांचा अशोकस्तंभ उभा आहे. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडेयर यांच्या नावावरून जयनगर हे नाव पडले, असे इथले लोक सांगतात. साउथ एंड सर्कलच्या नावातच एके काळी शहर कुठे संपत होते ते कळते. आज तिथून पुढे कितीतरी किलोमीटर शहर आहे. ब्लॉक, मेन आणि क्रॉस एवढे तीन आकडे कळले की नवखा माणूसही घर शोधू शकतो. आमच्या सोलापूरच्या पेठांतून वाढलेल्या माणसाला ही शिस्त थोडी कोरडी वाटते, पण रस्त्यावरची झाडे ती कसर भरून काढतात. मी गेले तेव्हा टॅबेबुयाचा गुलाबी बहर ओसरत आला होता आणि पदपथावर फुलांचा सडा पडलेला होता.

चौथ्या ब्लॉकमधले बाजारसंकुल म्हणजे जयनगरचे हृदय. सकाळी फुलांच्या माळा मोजणाऱ्या बायका, केळीची पाने, नारळांचे ढीग. कॉफी प्यायला गेलो तर दादाने "बाय टू" सांगितली, म्हणजे एक कॉफी दोघांत. या शहरात त्याची कोणाला लाज वाटत नाही.

कॉफी पिताना त्याने सगळे सांगितले. त्याचा कीबोर्ड दहा वर्षांचा. मधल्या सप्तकातला गंधार कधी मुका राहतो, कधी एकदम ओरडतो. गेल्या कार्यक्रमात नेमका ध्रुवपदावर मुका राहिला. नवा चांगला कीबोर्ड लाखाच्या पुढे जातो. ठेव मोडावी लागेल. ती ठेव गच्चीच्या गळतीसाठी राखलेली आहे आणि पावसाळा तीन महिन्यांवर आलेला.

"आणि दुसरी गोष्ट," तो कप खाली ठेवत म्हणाला. "पाडव्याच्या कार्यक्रमाची समिती म्हणते, नवा कीबोर्ड घेत असाल तर थोडा हातभार आम्ही लावतो. पण मग ढोलकीवाल्याची गरज काय? त्यातच सगळा ताल येतो. स्टेजवर एक माणूस कमी, एक माइक कमी."

ढोलकीवाले म्हणजे मामा. त्यांना मी ओळखत होते. मग मला कळले की प्रश्न नुसता पैशाचा नाही.

पेटीत बसलेला वाद्यवृंद

हा कीबोर्ड म्हणजे नुसती विजेवरची पेटी नव्हे. याला अरेंजर म्हणतात. डाव्या हाताने तीन-चार कळ्यांचा मेळ धरायचा की यंत्रातून त्या मेळाला जुळणारा ताल, बास, गिटार असा सगळा ठेका आपोआप सुरू होतो. उजवा हात चाल वाजवायला मोकळा. सुरुवातीचा तुकडा, कडव्याचे वेगवेगळे प्रकार, मधली भरती, शेवट, प्रत्येकाला वेगळे बटण. एका माणसाच्या हातात पाच-सहा जणांचा वाद्यवृंद.

विजेच्या वाद्याने दुसऱ्या वाद्याचा आवाज काढायचा, हे आपल्याला नवीन नाही. १९५४ च्या 'नागिन'मधली पुंगी साऱ्या देशाला डोलवून गेली. तो आवाज क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्याचा होता आणि वाजवणारे होते पुढे संगीतकार म्हणून गाजलेले कल्याणजी. १९८० मध्ये कॅसिओचा पहिला कीबोर्ड आला आणि पुढे ते नाव इतके रुळले, की अजून गावाकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओच म्हणतात. आता यामाहा, कोर्ग, रोलँड, कॅसिओ या सगळ्यांचे कीबोर्ड इथे मिळतात. तबला, तानपुरा यांचे आवाज घातलेले खास भारतीय मॉडेलही निघाले आहेत.

दादाच्या मनात यामाहाचा मधल्या वरचा एक नमुना होता. त्या मालिकेतले नवे वाद्य २०२४ साली आले. त्याहून वरचा जेनोस-टू २०२३ चा. त्याच्या कळ्या ७६ आणि किंमत काही लाखांत. गंमत म्हणजे त्या सर्वांत महाग वाद्याच्या पोटात स्पीकरच नसतो, तो वेगळा जोडावा लागतो. घरी नेऊन वीज लावली आणि आवाज आला नाही म्हणून घाबरणारे लोक असतील, असे म्हणून आम्ही हसलो.

ओळखीच्या एका तरुणाकडे तसलाच मधला कीबोर्ड होता. त्याने दोन दिवसांसाठी तो दिला आणि शनिवारी दादाच्या दिवाणखान्यात तालीम ठरली.

एकाच कळीची दोन नावे

तालमीला समोरच्या घरातल्या अज्जी आल्या. वय सत्तरीच्या पुढचे, कर्नाटक संगीत शिकलेल्या. पुरंदरदासांची पदे तर त्या गातातच, पण दादाने शिकवलेले दोन अभंगही मराठीत म्हणतात. पंढरपूरचा विठ्ठल दोन्हीकडचा. गदगच्या भीमसेन जोशींनी अभंगवाणीही गायली आणि दासवाणीही. जयनगरातल्या या दिवाणखान्यात तीच परंपरा लहान प्रमाणात चालते.

अज्जी म्हणाल्या, "ऐदूवरे मने." म्हणजे साडेपाच घरे. कन्नडमध्ये स्वराची पट्टी घरांनी मोजतात. दादाने मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काळी चार." दोघांची बोटे एकाच कळीवर. आपण काळ्या आणि पांढऱ्या वेगळ्या मोजतो. ते पांढरी म्हणजे पूर्ण घर आणि तिच्या पुढची काळी म्हणजे वरचे अर्धे घर असे धरतात. पांढरी पाच त्यांच्याकडेही पाचच. काळी एक म्हणजे त्यांची दीड. इतकी वर्षे पेटीपाशी बसूनही मला हे माहीत नव्हते.

मामा जरा उशिरा आले. त्यांचा धंदा शिवणकामाचा. घराणे इथे किती पिढ्यांपूर्वी आले, हे त्यांनाही सांगता येत नाही. बंगळूरची जहागीर सतराव्या शतकात शहाजीराजांकडे होती. तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या निमित्ताने मराठी माणसे इथे येत राहिली आणि मुरली. रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड, तेही इथल्याच मराठी घरातले आणि तरुणपणी याच शहराच्या बसमध्ये कंडक्टर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते अचानक जयनगरच्या बस डेपोत येऊन जुन्या आठवणींना भेटून गेले, तो किस्सा मामा अजून रंगवून सांगतात.

मामांची मराठी आपल्याला जरा वेगळी लागते. मधेच कन्नड शब्द, वाक्याच्या शेवटी 'की'. त्यांनी नव्या कीबोर्डाभोवती एक फेरी मारली आणि ढोलकी पिशवीतच ठेवून बसले. समितीचे बोलणे त्यांच्या कानावर गेले होते, हे मला त्या पिशवीकडे बघूनच कळले.

यंत्र थांबत नाही

आधी एक जुने चित्रपटगीत झाले. नव्या वाद्यातून ड्रम, बास आणि व्हायोलिनचा ताफा असा काही उमटला, की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. खोटे कशाला बोलू, मलाही वाटले की ठेव मोडावी. बासरीचा आवाज जुन्या कीबोर्डात पत्र्याच्या शिट्टीसारखा होता. इथे त्यात फुंकर ऐकू येत होती.

मग अज्जींनी अभंग घेतला. दादाने त्यातल्या त्यात जवळचा आठ मात्रांचा ठेका लावला. दोन ओळी ठीक गेल्या. तिसऱ्या ओळीत अज्जींनी विठ्ठलाचे नाव घेतले, ते त्यांना आवडले म्हणून पुन्हा घेतले, तिसऱ्यांदा जरा लांबवले, आणि यंत्र पुढे निघून गेले. मेळ बदलायच्या जागी दादाचा हात राहिला मागे, ठेक्याची भरती वाजली भलतीकडे. अज्जी थांबल्या. हसून म्हणाल्या, "स्वल्प निधान." जरा सावकाश. दादाने वेग कमी केला. पण अडचण वेगाची नव्हतीच. यंत्राला वेग कळतो. माणूस एखाद्या शब्दावर का थांबला, हे कळत नाही.

मिश्र चापूतल्या एका पदाचे तर काही जमेना. तो ताल सात मात्रांचा, तीन आणि चार असा तोललेला. आपला रूपकही सातच मात्रांचा, पण त्याची विभागणी तीन, दोन, दोन. यंत्रातले बहुतेक ठेके चारांचे किंवा तिनांचे. स्वतः बसवून सातांचा ठेका करता येतो, पण त्यासाठी रात्री घालवाव्या लागतात.

दादाने ठेक्याचे बटण बंद केले आणि म्हणाला, "मामा, घ्या."

मामांनी ढोलकी काढली. ओढ्या कसल्या, शाईवर बोट फिरवले. अज्जींनी तेच पद पुन्हा सुरू केले. जिथे त्या थांबल्या तिथे मामांनी नुसता डावा हात हलकेच घुमवला आणि वाट पाहिली. अज्जी समेवर आल्या तेव्हा दोघेही एकमेकांकडे न बघता हसले.

तालीम संपली, तेव्हा मामाच बोलले. "दादा, घेऊन टाका की हो. माझा खांदा आताशा धरतो. तीन तास बडवणं होईना बघा. सिनेमाची गाणी मशीनवर करा, त्याला माझी ढोलकी तशीही शोभत नाही. अभंग नि दासरपदं तेवढी माझ्याकडं ठेवा."

इतके सरळ बोलणे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. यंत्र की माणूस, असा प्रश्न आम्ही करून बसलो होतो. मामांनी त्याची कार्यक्रमाच्या यादीवरच वाटणी करून टाकली.

वहीतले तीन रकाने

रात्री जेवणे झाल्यावर वहिनींनी एक वही पुढे केली. त्या घरखर्चाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या. म्हणाल्या, "गेल्या वर्षभरात स्टेजवर काय काय अडलं ते आधी लिहा. मग प्रत्येकापुढे लिहा, ते दुरुस्तीने सुटेल, सरावाने सुटेल, की नव्या कीबोर्डाशिवाय सुटणारच नाही."

मी म्हटले, "वहिनी, तुम्ही कारखान्यात असायला हव्या होतात."

दुरुस्तीच्या रकान्यात गंधार आला. कळीखाली रबराची पट्टी असते. तिच्यात धूळ बसली किंवा ती झिजली की स्वर मुका होतो किंवा एकदम मोठ्याने वाजतो. त्यासाठी वाद्य बदलायचे कारण नाही. स्पीकरमधली घरघरही तिथेच आली. कीबोर्डची वायर लांबवर मिक्सरला थेट जोडली की ती होते. डीआय बॉक्स नावाची एक छोटी डबी मधे लावली की बहुधा जाते.

सरावाच्या रकान्यात आले दोन गाण्यांमधले मौन. दादा प्रत्येक गाण्याआधी आवाज शोधत बसायचा आणि निवेदिका तोवर हवापाण्यावर बोलायची. वास्तविक जुन्या कीबोर्डातही मांडणी साठवायची सोय आहे. गाण्याचा ठेका, वेग, पट्टी, आवाज सगळे एका बटणावर. दादाने चाळीसएक गाणी तशी नोंदवली होती, पण कार्यक्रमाच्या क्रमाने लावली नव्हती. इथेच आणखी एक गोष्ट लक्षात आली. एका कंपनीची नोंदवलेली मांडणी दुसऱ्या कंपनीच्या वाद्यात चालत नाही, त्याच कंपनीच्या नव्या वाद्यातही सगळी जशीच्या तशी जाईल असे नाही. म्हणजे किमतीत न दिसणारा खर्च महिनाभराच्या रात्रींचा. पाडवा तर दहा दिवसांवर.

तिसऱ्या रकान्यात दोनच ओळी उरल्या. बासरी आणि सनईचा खरा वाटणारा आवाज, आणि मींड काढायला हाताशी चांगली दांडी. जुन्यात त्यासाठी चाक आहे, तेही सैल झालेले.

दादा बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसला. मग म्हणाला, "दोन ओळींसाठी गच्ची गळू द्यायची नाही. निदान या पावसाळ्यात तरी नाही."

सोमवारी आम्ही एस. पी. रोडवर गेलो. त्या गल्ल्यांत विजेच्या वस्तूंचा सुटा भाग मिळत नाही असे सहसा होत नाही. कारागिराने कीबोर्ड उघडला, आतली धूळ झाडली, पट्टी बदलली, चाक घट्ट केले. येताना शेजारच्या बळेपेटेत डोकावलो. तिथे वाद्यांची जुनी दुकाने आहेत. वीणा, तबले, पेट्या टांगलेल्या, मांडलेल्या. मामांसाठी ढोलकीची नवी दोरी घेतली. सगळा खर्च मिळून ठेवीला हात लावावा लागला नाही.

समितीला दादाने फोनवर सांगितले, "कीबोर्ड तोच आहे आणि ढोलकीवाले येणार आहेत. जमत असेल तर करू." पलीकडून थोडी कुरकुर झाली, पण जमले.

पाडवा तोच, युगादी तीच

आपला पाडवा आणि कानडी युगादी एकाच दिवशी. दादाच्या गच्चीवर गुढी उभी राहते आणि समोर अज्जींच्या दारावर आंब्याचे तोरण. दोन्ही घरी कडुनिंब आणि गूळ. त्यानंतर रामनवमीचे दिवस. तेव्हा तर या शहरात गाण्याला ऊत येतो. चामराजपेठेतल्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर १९३९ पासून चालत आलेला संगीतोत्सव भरतो आणि देवळादेवळांतून पानक आणि कोशिंबीर वाटतात. जयनगरच्या नवव्या ब्लॉकमध्ये रागीगुड्डाचा हनुमान आहे. रागीचा ढीग दगड झाला आणि त्याची टेकडी बनली, अशी त्याची कथा. तिथला मोठा उत्सव मार्गशीर्षात असतो, कारण इकडे हनुमानजयंती चैत्रात नसते. २०२५ च्या ऑगस्टपासून मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेवर रागीगुड्डा नावाचे स्थानकही झाले आहे.

पाडव्याच्या संध्याकाळी एका देवळाच्या सभागृहात कार्यक्रम झाला. दीड-दोनशे माणसे असतील. गंधार शेवटपर्यंत नीट बोलला. गाण्यांमधला खोळंबा संपला, तेव्हा निवेदिकेला वाक्ये कमी करावी लागली. चित्रपटगीतांना दादाने यंत्राचा ठेका लावला आणि मामा पायरीवर बसून खांदा चोळत ऐकत राहिले. बासरीच्या तुकड्याला मात्र मला अजून पत्र्याची शिट्टीच ऐकू आली. दादालाही आली असणार, कारण त्याने माझ्याकडे बघितले.

मग अभंग. दादाचा डावा हात मांडीवर, उजवा अज्जींच्या मागोमाग. अज्जींनी त्या दिवशी विठ्ठलाचे नाव पाच वेळा घेतले. मामा पाचही वेळा थांबले. शेवटी पहिल्या रांगेतले एक कन्नड गृहस्थ उठून मामांपाशी आले आणि म्हणाले, "तुंबा चेन्नागित्तु." फार छान झाले. मामांना उत्तर सुचेना. ते नुसतेच ढोलकी पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी सोलापूरला निघाले. जयनगरच्या स्थानकापर्यंत दादा पोचवायला आला. वाटेत म्हणाला, "कीबोर्ड घेणारच नाही असं नाही हं. तिसऱ्या रकान्यात पाच ओळी झाल्या की घेणार. सगळ्यांत महाग नाही, मधला. आणि मामांना विचारून."

वही वहिनींकडे असते. मी अधूनमधून फोन केला की आधी गच्चीची चौकशी करते आणि मग रकान्याची. गच्ची दुरुस्त झाली. रकान्यात सध्या तीन ओळी आहेत.